पान आपलं, खाडाखोडही आपली

चहा आणि पेपर या दोन गोष्टींवाचून आमच्या आईचा दिवस सुरू होत नाही. वय 84. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, पण ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच पुसट! कागदावरचा पेपर तिला दोन वर्षांपूर्वी सुटला, तेव्हा मी तिला संगणकासमोर बसवलं. म्हटलं, इथे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पण अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळायची, करडी अक्षरं करडीच राहायची आणि ऐन बातमीवर कुठूनसा एक चौकोन सरकत येऊन ठाण मांडायचा. तो बंद करायची फुली इतकी बारीक, की माझ्याही डोळ्यांना सापडेना. आई म्हणाली, "अरे, मला वाचायला बसवलंयस की माश्या मारायला?"

सुट्टीत भाचा आला होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "आजी, थांब जरा," म्हणून त्याने काहीतरी टंकलं. ब्राउझरच्या माथ्यावर आपण आवडत्या पानांच्या खुणा ठेवतो ना, तशीच एक खूण केली. फरक इतकाच, की तिच्यात पत्त्याऐवजी 'जावास्क्रिप्ट' हा शब्द, पुढे कोलन आणि मग त्याचा तो चिमुकला मजकूर. खुणेवर टिचकी मारली मात्र, पान फिकट पिवळं झालं, अक्षरं काळीभोर नि टपोरी झाली आणि ते चौकोन गडप!

आई खूश. माझ्या पोटात मात्र गोळा. मी 30 वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. छापलेल्या पानाला परक्याने हात लावायचा, हे माझ्या हाडात बसत नाही. "अरे, त्यांच्या पेपरात ढवळाढवळ केलीस?" मी विचारलं.

"त्यांच्या नाही मामा, आजीच्या," तो म्हणाला. मग त्याने समजावलं. पान जिथे ठेवलेलं असतं, तिथून त्याची एक प्रत आपल्या यंत्रात येते. ब्राउझर त्या प्रतीचा एक वृक्ष रचतो. मथळा एक फांदी, परिच्छेद दुसरी, जाहिरात तिसरी. हा छोटा मजकूर त्या फांद्यांवर चढतो. एखादी रंगवतो, एखादी छाटतो. मूळ पान जिथल्या तिथे आणि जसंच्या तसं. दारात पडलेल्या पेपरातलं शब्दकोडं कापून घेतलं, तर छापखान्यातला पेपर थोडाच फाटतो?

ही जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी 1995च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत अवघ्या 10 दिवसांत उभी केली. (आमच्याकडे दिवाळी अंकाची प्रुफंसुद्धा तेवढ्यात सुटत नसत.) पानं बनवणाऱ्यांना हाताशी असावी म्हणून ती केलेली, पण वाचणाऱ्यालाही तिचा उपयोग आहे, हे लोकांनी लवकरच हेरलं. खुणेत दडवायच्या मजकुराला 1998मध्ये 'बुकमार्कलेट' असं नावही पडलं. त्यात खोट एकच. पान पुन्हा उघडलं, की पुन्हा टिचकी मारावी लागते. 2004मध्ये ॲरन बूडमन यांनी फायरफॉक्ससाठी 'ग्रीसमंकी' केलं, तेव्हा तीही अडचण गेली. गॅरेजमधल्या तेलकट हातांच्या मेकॅनिकला अमेरिकेत याच नावाने हाक मारतात. आता मजकुराच्या सुरुवातीलाच 'अमुक संकेतस्थळावर चाल' असं लिहून ठेवायचं. ते पान उघडलं, की दुरुस्ती आपोआप होते. आईच्या संगणकावर त्याच जातीचं, 2010 साली आलेलं 'टॅम्परमंकी' बसवलंय.

जाहिरातींबद्दल मात्र मी भाच्याशी भांडलो. 30 वर्षं माझी चूल जाहिरातींवरच पेटली. म्हटलं, ज्या जागच्या जागी बसून राहतात त्यांना हात लावू नकोस. उड्या मारतात त्यांनाच काढ. त्याने ऐकलं.

मग मला मोह झाला. त्या पेपरात रोज कुठेतरी 'आशिर्वाद' आणि 'क्रिडा' असतंच. मी विचारलं, "हे सुधारून देशील?" चार ओळींत काम झालं. आमच्या घरी 'आशीर्वाद' दीर्घ झाला. बाकी महाराष्ट्रात ऱ्हस्वच राहिला. नोकरीत हे सुख कधी मिळालं नव्हतं.

पण त्याच रात्री झोप लागेना. जो मजकूर इकार बदलतो, तो आकडाही बदलेल. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांचं तसंच झालं होतं. फोनवरच्या माणसाने 'परताव्याचे पैसे देतो' म्हणून त्यांच्याकडून संगणकाचा ताबा घेतला आणि मग त्यांना खात्याचं पान दाखवलं. 5,000ऐवजी 50,000 जमा! "चूक झाली साहेब, माझी नोकरी जाईल, वरचे परत पाठवा," म्हणून तो रडला. यांनी 45,000 पाठवले. खात्यात काहीच जमा झालं नव्हतं. त्याने फक्त पडद्यावरच्या प्रतीत आकडा बदलला होता. आईच्या पानावर भाच्याने केली तीच करामत. गृहस्थ अजून म्हणतात, "मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं हो." ते पान एकदा पुन्हा उघडलं असतं, तर खरा आकडा परत आला असता.

दुसऱ्याने पाठवलेला मजकूर न वाचता चालवणं हे त्याहून घातक. आपण ज्या खात्यात शिरलेलो असतो, तिथे तो आपल्याच नावाने वावरतो. म्हणून आईच्या यंत्रात काय घालायचं ते फक्त भाचा लिहितो आणि मी समोर बसून ओळ अन् ओळ समजावून घेतो. प्रुफं तपासायची सवय अशी कामी आली.

गेल्या महिन्यात पेपरने पानाची मांडणी बदलली. फांद्यांची नावं बदलली आणि आमचं सगळं बंद पडलं. आई तीन दिवस घुश्शात. भाच्याने फोनवरून सांगत माझ्याकडून दुरुस्ती करून घेतली. त्यात शुद्धलेखनाच्या त्या चार ओळी घालायच्या राहून गेल्या. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात हाक ऐकू आली, "अरे, हे बघ! 'क्रिडा' ऱ्हस्व छापलंय मेल्यांनी!"

मी म्हटलं, "थांब, सुधारतो."

"राहू दे," आई म्हणाली. "इतक्या दिवसांनी मला चूक दिसली."