पंप बदलण्याआधी पंधरा मिनिटं: जुन्या गाडीचं निदान हाच तुमचा धंदा



अलिबाग, नागाव, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात छोटं गॅरेज टाकायचा विचार करताय? मग एक गिऱ्हाईक हमखास येणार. जुनी मारुती ८०० किंवा सँट्रो, पावसाळाभर बंगल्याच्या शेडमध्ये उभी. दिवाळीला मालक मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरतो, घरी येऊन चावी फिरवतो. स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही.

"साहेब, पंप गेला," असं सांगणं सोपं असतं. पंप बदलला, गाडी तशीच. मग फिल्टर, मग इंजेक्टर. बिल वाढतं, विश्वास संपतो. अंदाजाने पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने प्रयोग करणं.

किनाऱ्यावर असं का होतं?

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी आणि हवा दमट, म्हणजे पाणी साठायला पूर्ण वाव. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप पेट्रोल ओढतो तो तळातूनच! जुन्या गाड्यांचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनवलेले नसतात, ते फुगतात, चिरतात. शिवाय खाऱ्या हवेने कनेक्टर आणि अर्थिंग गंजतं. मग चांगला पंपही मेलेला वाटतो.

तपासाचा क्रम: आधी फुकट, मग स्वस्त, शेवटी महाग

१. विचारा. गाडी किती दिवस उभी होती? पेट्रोल कधी भरलं? बंद पडते ती थंड असताना की गरम झाल्यावर? उत्तरं लिहून ठेवा.

२. वास घ्या. टाकीखाली, पाइपांजवळ पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर स्टार्टर मारूच नका. बॅटरीची वायर काढा, अग्निशामक हाताशी ठेवा. बिडी-सिगारेट लांब!

३. पेट्रोल बघा. काचेच्या बाटलीत थोडं काढून पंधरा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले की पाणी आहे. टाकी रिकामी करून साफ करा, फिल्टर बदला.

४. कान द्या. इंजेक्टरवाल्या गाडीत चावी 'ऑन' केली की मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद घरघर येते. नाही आली? आधी फ्यूज, मग रिले, मग स्टार्टर मारताना पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. करंट येतोय, अर्थिंग चांगलं आहे, तरी पंप गप्प असेल, तरच पंप गेला म्हणा.

५. प्रेशर मोजा. घरघर येते पण गाडी चालू होत नाही? गेज लावा. बऱ्याच गाड्यांत प्रेशर ३ बारच्या आसपास असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. कमी असेल तर फिल्टर, रेग्युलेटर, पंप तपासा. बरोबर असेल तर पंप निर्दोष, मोर्चा इंजेक्टर आणि स्पार्ककडे वळवा.

कार्बोरेटरवाल्या जुन्या ८०० मध्ये पंप इंजिनवर, यांत्रिक असतो. तिथे घरघर शोधू नका. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतंय का ते बघा. पोचतंय, तर उभ्या गाडीत वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये अडकला असण्याची शक्यता मोठी.

यात धंदा कुठे आहे?

निदानाची फी वेगळी लावा आणि गाडीला हात लावण्याआधी सांगा. समजा ४०० रुपये. बदल्यात एक चिठ्ठी द्या: काय तपासलं, रीडिंग किती आलं, काय बदलायचं. काढलेला पार्ट मालकाच्या हातात ठेवा. चारशे रुपये देऊन पंपाचा फुकटचा खर्च वाचलेला माणूस पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच येतो, शेजाऱ्यालाही पाठवतो.

त्याच माणसाला मे महिन्यात फोन करा. पावसाळ्याआधी टाकी पूर्ण भरणं, पाइप तपासणं आणि पावसात पंधरा दिवसांनी एकदा गाडी चालवून आणणं, याचं पॅकेज द्या. चावी बंगल्याच्या राखणदाराकडे असतेच. एका दुरुस्तीचं दरवर्षीचं काम असं होतं.

या आठवड्याचं काम: मल्टिमीटर, प्रेशर गेज, काचेची बाटली आणि अग्निशामक यांचे भाव काढा. निदानाच्या चिठ्ठीचा नमुना एका पानावर तयार करा. बोर्ड रंगवायला टाकायचा तो त्यानंतर!