बाळ ऐकतंय ना?

बाळ जन्मलं की आपल्या घरांत आधी त्याच्या कानात अजान दिली जाते. ते कान ऐकतात की नाही, हे मात्र पुष्कळदा दोन-तीन वर्षांनी, मूल बोलत नाही म्हणून कळतं. शेंदूरजनाघाटसारख्या गावात आम्हा शिक्षकांपर्यंत असं मूल येतं तेव्हा भाषा शिकण्याची मोलाची वर्षं निघून गेलेली असतात. दोष मात्र आईला: ग्रहणात बाहेर पडली, नजर लागली!

विज्ञान वेगळं सांगतं. जन्मजात बहिरेपणाचं कारण बरेचदा आनुवंशिक असतं. 1997 मध्ये कनेक्सिन-26 या प्रथिनाच्या जनुकातला दोष संशोधकांना सापडला. आई-वडील दोघं उत्तम ऐकणारे. पण दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक बाळंतपणात 4 पैकी 1 शक्यता बहिऱ्या बाळाची. म्हणजे वाटा दोघांचा, गुन्हा कुणाचाच नाही. चुलत-मामे नात्यात तीच प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. असा निकाह जायज आहे, फर्ज नाही. घराण्यात बहिरेपण असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भगिनींनो, ओएई तपासणी काही मिनिटांची, न दुखणारी असते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हा जगमान्य क्रम. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारा. मुंबईत 1983 पासून अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वेळेत मिळालं, तर असं मूल बोलतं, शाळेतही रमतं.