पोलिसांची तक्रार करायची कुठे? सुप्याच्या घरांसाठी सरळ माहिती

मे 2020 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. पुढे तिथल्या केंद्र सरकारच्या न्याय विभागाने शहराच्या अख्ख्या पोलीस खात्याची चौकशी केली. 1994 च्या एका कायद्याने त्या विभागाला तसा अधिकार आहे. नागरिकांचे हक्क तुडवायची एखाद्या पोलीस खात्याला सवयच लागली असेल, तर तो त्या शहराला कोर्टात खेचू शकतो. मग करार होतो आणि तो पाळला जातोय का, हे पाहायला स्वतंत्र माणूस नेमला जातो. मे 2025 मध्ये सरकार बदलल्यावर त्याच विभागाने मिनियापोलिसवरचा दावा मागे घेतला, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे दिल्लीला असा अधिकारच नाही. पोलीस हा राज्याचा विषय. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग नोटीस काढतो, अहवाल मागवतो, नुकसानभरपाईची शिफारस करतो. पण सक्ती करू शकत नाही. आणि आपल्याकडे चौकशी होते ती एकेका घटनेची. ठाण्याची रीतच चुकीची आहे का, हे सहसा कोणी तपासत नाही.

म्हणून पहिला कागद कोणाचा, याला फार महत्त्व येतं. याचं उदाहरण आपल्याच पारनेर तालुक्यात आहे. परभणीचे इंजिनिअर ख्वाजा युनूस यांना डिसेंबर 2002 च्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात मुंबई पोलिसांनी पकडलं. जानेवारी 2003 मध्ये पारनेर पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली: औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि आरोपी पळाला. त्यांच्यासोबत कोठडीत असलेल्या आरोपीने मात्र कोर्टात सांगितलं की युनूस यांना बेदम मारहाण होताना आपण पाहिलं. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीआयडीकडे गेला आणि पळून गेल्याची गोष्ट टिकली नाही. सीआयडीने 14 पोलिसांची नावं घेतली. राज्य सरकारने खटल्याला परवानगी दिली ती फक्त चौघांवर. आईने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने भरपाई वाढवून दिली, पण उरलेल्या दहा जणांवर खटला चालवायची मागणी मान्य केली नाही. 2020 मध्ये ते चौघे पोलीस पुन्हा नोकरीत घेतले गेले, तेव्हाही खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी तर 2005 मध्येच सुटले होते.

अशी प्रकरणं पोलिसांच्याच हातात राहू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापन करायला सांगितलं. जिल्ह्याला एक आणि राज्याला एक, प्रमुख निवृत्त न्यायाधीश, आणि शिफारस सरकारला बंधनकारक. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा केला खरा, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाला एक प्राधिकरण ठेवलं. म्हणजे सुप्याच्या माणसासाठी अहिल्यानगर नव्हे, नाशिक विभाग. शिवाय कारणं नोंदवून अहवाल फेटाळायची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. आमच्या मते या दोन बदलांनी आदेशाचा निम्मा जोर गेला. तरीही दार आहे, तर ते वाजवलंच पाहिजे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, घर-जमीन बळकावणं या तक्रारी तिथे चालतात.

आता घरातल्या कोणाला ठाण्यात नेलं, तर काय करायचं? रस्त्यावर गर्दी जमवून काही होत नाही, उलट आपल्याच पोरांवर गुन्हे लागतात. दोघं-तिघं जाणती माणसं आणि वकील जाऊ द्या. अटकेचा पंचनामा, म्हणजे अटक मेमो मागा. त्यावर वेळ आणि तारीख असते आणि घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची सही असते. 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलंच पाहिजे (प्रवासाचा वेळ सोडून). तिथे मारहाण झाली असेल तर ती भीड न ठेवता सांगायची आणि वैद्यकीय तपासणी मागायची. बरेच जण इथेच गप्प बसतात, ‘अजून त्रास होईल’ म्हणून. पण त्या दिवशी नोंद झाली नाही, तर नंतर अंगावरचे वळ दाखवायला उरत नाहीत.

ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर तीच लेखी स्पीड पोस्टाने अहिल्यानगरच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 तो हक्क देतं. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपून ठेवा.

सीसीटीव्हीचं विसरू नका. डिसेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण 18 महिने, किमान वर्षभर, जपायला हवं. ते जपून ठेवावं असा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. तारीख आणि वेळ नेमकी लिहा.

मानवाधिकार आयोगाकडे तक्रार मराठीत चालते, फी नाही, वकीलही लागत नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत मात्र पाठवावी लागते.