उचल, उठाव आणि ‘पिक अप’

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात क्रेटनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते, त्या गाड्यांना सगळे ‘पिकअप’ म्हणतात. जुन्या स्कूटरबद्दल मेकॅनिकला आपण सांगतो, ‘गाडीला पिकअप राहिला नाही.’ कंपनीच्या बसचा ‘पिकअप पॉइंट’ ठरलेला असतो, आणि मुलगा फोन घेत नसला की आई म्हणते, ‘पिकअपच करत नाही.’ हे चारही अर्थ मराठी माणसाला कुणी शिकवावे लागले नाहीत. तोच शब्द इंग्रजी वाक्यात क्रियापद म्हणून आला की मात्र चांगले शिकलेले लोकही अडखळतात.

याचं कारण मला शिकवण्याच्या पद्धतीत दिसतं. ‘पिक अप’ म्हणजे उचलणे, आणायला जाणे, सुधारणे, शिकणे, अशी अर्थांची यादी पाठ करायला दिली जाते. एक अर्थ दुसऱ्याशी का जोडलेला आहे हे कुणी सांगत नाही, म्हणून परीक्षा संपली की यादीही विसरली जाते. खरं तर या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एकच हालचाल आहे: कुठेतरी पडलेली, थांबलेली किंवा वाट पाहणारी गोष्ट आपल्याकडे घेणं, वर आणणं. तेवढी मनात धरली की नवं वाक्यही बऱ्याचदा आपोआप उलगडतं.

परक्यांना ‘पिक अप’सारखी क्रियापदं जड जातात, हे इंग्रजांनाही पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत त्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. क्रियापदामागे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी माणसाची सर्वांत मोठी अडचण आहे, असं त्याचं म्हणणं. अशा क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५च्या पुस्तकामुळे. ते नाव ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं स्मिथने नोंदवलं आहे. योगायोग असा, की त्याच १९२५ साली अमेरिकेत फोर्डने ‘मॉडेल टी’ला मागे माल ठेवायचा हौदा जोडून ती गाडी ‘पिकअप’ म्हणून विकायला काढली.

छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत आपल्याला वाटते तितकी परकी नाही. संस्कृतातला ‘हृ’ धातू घ्या. आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार हे सगळे त्याच्याच पोटचे, फक्त उपसर्गाने प्रत्येकाला वेगळ्या वाटेला लावलं. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूला पुढून चिकटतो, इंग्रजीत तो छोटा शब्द मागून येतो आणि सुटा राहतो. आणि वैदिक भाषेत तर उपसर्गही सुटा राहू शकत असे. तो आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरे शब्द येत. ‘पिक युवर बॅग अप’मध्ये ‘बॅग’ मध्ये शिरते, तशीच ही ठेवण. मला यात विलक्षण आनंद वाटतो.

मराठीत तर ‘पिक अप’ला जवळजवळ जुळं भावंड आहे, आपलं ‘उचलणे’. जमिनीवरची पिशवी उचलतो, फोन उचलतो. हॉटेलचं बिल एकाने भरलं की ‘खर्च त्याने उचलला’, इंग्रजीत ‘ही पिक्ट अप द बिल’. संशयिताला पोलिसांनी ‘उचललं’, तिथेही इंग्रजीत हेच क्रियापद येतं. लहान मुलाने एकदा ऐकून चाल उचलली, डोंबिवलीत राहायला आलेल्या तमिळ शेजारणीने वर्षभरात मराठी उचललं, या दोन्ही वाक्यांना इंग्रजीत ‘पिक अप’ चपखल बसतो. शिकवणीला न जाता, कानावर पडून जे येतं ते हे. व्याकरणाचं पुस्तक घेऊन कसून अभ्यास केला असेल तर तिथे ‘लर्न’ किंवा ‘स्टडी’ म्हणावं. बाजारातही तेच. व्यापारी म्हणतो, ‘मालाला उठाव आहे,’ इंग्रजी पानावर छापून येतं, ‘डिमांड हॅज पिक्ट अप.’ गुडघेदुखी ‘उचल खाते’ तेव्हा मात्र सावध राहायला हवं, कारण इंग्रजीत ‘पिक अप’ हा बहुतेक वेळा सुधारण्याकडे, वेग घेण्याकडे झुकतो. दुखणं बळावलं यासाठी तो वापरला तर ऐकणाऱ्याचा उलट समज होईल.

‘पिक अप’ न चालणारं आणखी एक ठिकाण. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून कामगार ‘उचल’ घेतो, तिला इंग्रजीत ‘ॲडव्हान्स’च म्हणतात.

उलट बाजूही आहे. इंग्रजीत जिथे ‘पिक अप’ येतो तिथे मराठीत प्रत्येक वेळी ‘उचलणे’ चालत नाही. मुलीला शाळेतून आपण ‘आणतो’. येताना दुधाची पिशवी ‘घेऊन येतो’. सर्दी ‘होते’, गाडी वेग ‘घेते’, माइक आवाज ‘पकडतो’, अर्धवट राहिलेलं बोलणं आपण ‘पुढे चालू करतो’. इंग्रजी माणूस या सगळ्या ठिकाणी ‘पिक अप’ म्हणेल. ‘आय पिक्ट अप अ कोल्ड ऑन द ट्रेन’ या वाक्यात सर्दी वाटेत पडलेली होती आणि नकळत आपल्याबरोबर घरी आली, असा भाव आहे. एका अर्थाबाबत जपून राहावं. अनोळखी व्यक्तीशी लगट करून तिला सोबत नेणं यालाही ‘पिक अप’ म्हणतात. म्हणून ‘स्टेशनवरून’, ‘सहा वाजता’ असं काही जोडून बोललेलं बरं. ‘आय विल पिक हर अप फ्रॉम द स्टेशन’ यात कुठलाही किंतु राहत नाही.

अर्थापेक्षाही जास्त चुका जागेच्या होतात. ‘पिक अप द बुक’ आणि ‘पिक द बुक अप’ दोन्ही बरोबर. पण पुस्तकाऐवजी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ हे कुठलाही इंग्रज म्हणणार नाही. कर्म लांबलचक असेल, म्हणजे कपाटावर कालपासून पडलेली निळी पिशवी वगैरे, तर ते ‘अप’नंतर ठेवलेलं सुखाचं. ‘लुक आफ्टर’सारख्या क्रियापदाला हा नियम लागत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हिम’ असंच म्हणायचं. फरक कानानेही कळतो. ‘पिक इट अप’ म्हणताना जोर ‘अप’वर पडतो, ‘लुक आफ्टर हिम’मध्ये ‘आफ्टर’ हा ‘हिम’च्या आधी, त्याच्याशी बांधलेला असतो. आणि ‘अप’ गाळलं तर अर्थच दुसरा: ‘पिक अ सारी’ म्हणजे साडी निवड, ‘पिक अप अ सारी’ म्हणजे जाता येता घेऊन ये. फुलं तोडायलाही नुसतं ‘पिक’च लागतं.

नाम झालं की जोर पुढे सरकतो. ‘पिकअप’ ही गाडी असेल, गिटारच्या तारांखालचा ‘पिकअप’ असेल किंवा क्रिकेटमध्ये लेग साइडला उचललेला ‘पिकअप शॉट’, इंग्रजीत जोर ‘पिक’वर येतो. मराठीत आपण शब्द एका दमात म्हणतो, तोही याच वळणाने.

एक वापर अजून आपल्याकडे फारसा रुजलेला नाही, तो म्हणजे मागे ‘ऑन’ लावलेला ‘पिक अप ऑन’. समोरच्याने न सांगितलेलं टिपणं, त्याच्या स्वरातला बदल ओळखणं, असा त्याचा अर्थ. ‘शी पिक्ट अप ऑन हिज वरी’: त्याने चेहरा हसरा ठेवला होता तरी त्याची काळजी तिच्या लक्षात आली. इथे तिन्ही शब्द सलग राहतात आणि कर्म नेहमी शेवटी येतं. ‘शी पिक्ट इट अप ऑन’ असं कधीच होत नाही, सर्वनाम आलं तरी ‘पिक्ट अप ऑन इट’ असंच राहतं.