ताईच्या अक्षरात बाजार

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं जपानी शिकवली जाते. तिथल्या विद्यार्थ्यांना घरच्या नात्यांचे शब्द लवकरच शिकावे लागतात. त्यातलं थोरल्या बहिणीचं कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं, अक्षर मंडईजवळ राहणाऱ्यांना तर चटकन आपलंसं वाटावं.

अक्षर ८ रेघांचं. आधी डावीकडे ३ रेघांत ‘स्त्री’, मग उजवीकडे ५ रेघांचं चिन्ह, ज्याचा स्वतंत्र अर्थ बाजार किंवा शहर. बाजारात निघालेली बाई म्हणजे ताई! पाठांतराला ही युक्ती फार छान. व्युत्पत्ती मात्र वेगळी. उजवा भाग मुळात उच्चार सुचवण्यासाठी आला. जपानी मुलं हे अक्षर दुसरीत शिकतात.

धाकटीचं अक्षर निराळं, तेही ८ रेघांचंच.

आपल्या ताईविषयी परक्याशी बोलताना ‘आने’, तिला हाक मारताना ‘ओनेसान’. अक्षर तेच, मान वेगळा.

बाजाराचं तेच चिन्ह योक्काइची या जपानी शहराच्या नावातही आहे. तिथे ४, १४, २४ अशा तारखांना बाजार भरे. १८८६ पासूनची महात्मा फुले मंडई जिथे आहे, त्या शुक्रवार पेठेचं नावही असंच दिवसावरून, म्हणजे वारावरून, पडलेलं.