फटफटी पळवायचा पगार

“फटफटी पळवायचे पैसे मिळतात होय गं?” टीव्हीवर मोटोजीपीची शर्यत बघता बघता सासूबाईंनी विचारलं.

मिळतात, पण सगळ्यांना सारखे नाहीत! मोठा संघ करार करून ठरावीक पगार देतो, जिंकल्यास वर बोनस. हेल्मेटवरच्या जाहिरातींचे पैसे वेगळे. लहान गटांत मात्र काही पोरांनाच संघासाठी पैसे आणावे लागतात. कधी जाहिरातदाराकडून, कधी आईवडिलांच्या खिशातून.

स्पेनच्या मार्क मार्केझचा उजवा हात २०२० साली मोडला. चार शस्त्रक्रिया झाल्या. होंडाशी करार वर्षभर शिल्लक असताना, भरघोस पगारावर पाणी सोडून तो २०२४ मध्ये ग्रेसिनी या लहान संघात गेला. कशासाठी? जिंकू शकणाऱ्या गाडीसाठी! २०२५ मध्ये डुकाटीच्या मुख्य संघातून तो पुन्हा जगज्जेता झाला.

सासूबाई म्हणाल्या, “पगार राहू दे, हात बरा आहे ना आता?”