चार पावले

वर्ष उलटूनही जे बालक पायांनी चालत नाही ते फक्क, असे काश्यपसंहिता सांगते. क्षीरज, गर्भज, व्याधिज हे त्याचे तिन्ही प्रकार आम्हांस मुखोद्गत. परंतु आमच्याच कन्येचा पहिला वाढदिवस झाला आणि ती भिंत धरूनच उभी राहू लागली, तेव्हा तो श्लोक आम्हांस झोपू देईना. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानके स्वतंत्र चालण्यास सुमारे १८ महिन्यांपर्यंत अवधी देतात, हेही ठाऊक होते. बापाला ते पटत नव्हते. रुग्णमातांना ‘धीर धरा’ सांगणे किती सोपे!

तेराव्या महिन्यात खलाचा आवाज ऐकून ती भिंत सोडून चार पावले आमच्याकडे आली. चूर्ण तसेच राहिले. धन्वंतरीपुढे हात आपसूक जोडले गेले.